सुटलेल्या पेशींची मोजणी

१२ सप्टेंबर

ताई,

पत्राच्या सुरुवातीला काय काय लिहायचं असतं ते मला येतं, पण ते सगळं लिहीत बसले तर तू तिथेच घडी घालून ठेवून देशील. म्हणून सरळ सांगते. मी तुझी धाकटी. तू गेलीस तेव्हा तेरा वर्षांची होते, आता माझेच केस पिकायला लागलेत. पत्ता मावशीने दिला. "माझं नाव सांगू नकोस" असं तिने बजावलं होतं, ते आता सांगून झालं. फोन नंबरही तिच्याकडे आहे, पण दिला नाही. म्हणाली, "फोनवर तू रडशील आणि ती ठेवून देईल. पत्रच लिही."

लिहायचं कारण एवढंच, की अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. डावा डोळा काचबिंदूने कधीच नेला. उजव्यात मोतीबिंदू इतका पिकलाय, की समोरच्याला ते आवाजावरून ओळखतात आणि आपण तोंडावरून ओळखलं असं दाखवतात. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उरलेला एकच डोळा असला की हात लावायची आम्हालाही भीती वाटते. जमलं तर दिसेल, बिघडलं तर काहीच नाही. ऑक्टोबरच्या शेवटी करायचं ठरलंय. तुला कळावं म्हणून लिहिलं. मला तुझ्याकडून काहीही नको आहे.

चष्म्याचं दुकान अजून पुढच्या खोलीतच आहे. काच घासायच्या यंत्रावर कापड टाकलंय. भावोजी तुझ्याबरोबर गेल्यावर अण्णांनी दुसरा कारागीर ठेवलाच नाही. (भावोजी हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिते आहे. बरा दिसतो.) तुम्ही दोघांनी लग्न करून तिकडे स्वतःचं चष्म्याचं दुकान काढल्याचं कळलं, तेव्हा अण्णा गिऱ्हाइकासमोर म्हणाले होते, "मुलगी आणि कारागीर, दोघंही मला मेले." ते गिऱ्हाईक इतकं घाबरलं, की फ्रेम न घेताच निघून गेलं. त्या दिवसापासून या घरात तुझं नाव निघालेलं नाही.

आणि माझ्या नोकरीची गंमत बघ. मी एका प्रयोगशाळेत मेलेलं आणि न मेलेलं मोजते. माणसं नव्हे, पेशी. औषध दिल्यावर किती मेल्या, किती जगल्या, ते एका यंत्रावर बघायचं. संध्याकाळी घरी आले की अण्णा विचारतात, "आज किती मेले?" मी शेकडा किती ते सांगते. ते "बरं" म्हणतात आणि आम्ही जेवतो. दिवसभराचं आमचं बोलणं बहुतेक तेवढंच.

उत्तर द्यायचंच असेल तर प्रयोगशाळेच्या पत्त्यावर दे. मागे लिहिला आहे. घरी नको.

तुझी धाकटी


२९ सप्टेंबर

ताई,

उत्तर आलं नाही. मी वाटही बघत नव्हते. आमच्या इमारतीच्या दारावरचा रखवालदार टपाल आलं की जिन्यात उभा राहून नावं पुकारतो, आणि त्याचा आवाज असा आहे की न ऐकायचं म्हटलं तरी ऐकू येतो. बाकी काही नाही.

परवा अण्णांना तपासायला नेलं होतं. नर्सने विचारलं, "आजोबा, ऑपरेशननंतर बघायला कोण आहे? मुलं किती?" अण्णा म्हणाले, "एक." मी शेजारीच बसले होते. खोटं सांगणाऱ्याची मान जरा तरी हलते, यांची हललीसुद्धा नाही. ऑपरेशनच्या आधी भांडण नको, असं मी मनाला सांगितलं. तसं मी मनाला बरंच काही सांगत असते.

घरी येताना ते म्हणाले, "तुझ्या त्या यंत्रात भिंग असतं का गं?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या कामाबद्दल आकड्यापलीकडचं काही विचारलं. भिंगं असतात, अनेक असतात. मग मी रस्ताभर बोलत सुटले. तुलाही सांगते, नाहीतर मी काय करते ते तुला कसं कळणार?

आमच्या पेशी फ्लास्कच्या तळाला चिकटून वाढतात. वर त्यांचं अन्न असतं, गुलाबीसर पाण्यासारखं. त्यात औषध घालायचं, एक दिवस थांबायचं, मग पेशी सोडवून घ्यायच्या, धुवायच्या आणि दोन रंग लावायचे. पेशी मरते ती बहुतेक वेळा धडपडून नाही, ठरवून मरते. तिच्या कातडीच्या आतल्या बाजूला एक पदार्थ असतो. जिवंत असेपर्यंत ती तो आतच ठेवते. जायचं ठरलं की तो बाहेर काढते, म्हणजे शेजारच्या पेशींना कळतं की हिला आता उचलायचं. हिरवा रंग नेमका त्या पदार्थाला चिकटतो. लाल रंग मात्र कातडी फाटली तरच आत शिरतो. मग यंत्रातून एकेक पेशी लेझरसमोरून जाते, एका वेळी एकच, आणि भिंगं तिचा उजेड टिपतात. पडद्यावर चार खणांत ठिपके पडतात. कुठलाच रंग नाही ती जिवंत. दोन्ही रंग ती गेलेली.

"आणि नुसती हिरवी?" अण्णांनी विचारलं.

"तिने जायची तयारी केलीय, पण कातडी अजून शाबूत आहे."

"म्हणजे मेलेली की जिवंत?"

मी म्हटलं, "आम्ही तिला मरणाऱ्यांत धरतो."

"तुम्ही धरता," अण्णा म्हणाले. कुणाच्याही हिशेबावर विश्वास ठेवायचा नाही ही त्यांची सवय तुला माहीतच आहे.

यंत्राची खोली लहान आहे, खिडकी नाही, उजेड मंद. दिवसभर पंख्याची घरघर. मी यंत्राशी बोलते. नळी तुंबली की त्याला रागावते, नीट चाललं की शाबासकी देते. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेने मला बोलावलं होतं, तीनदा. मी गेले नाही. माणसं नीट वाटली नाहीत म्हणून.

धाकटी


१० ऑक्टोबर

ताई,

काल माझी फजिती झाली ती सांगते. हसलीस तरी चालेल, मला कुठे दिसणार आहे?

आमच्या मॅडम पेशी मारणाऱ्या एका नव्या औषधाच्या मागे आहेत. काल मी त्याच्या सगळ्या मात्रांचे नमुने यंत्रावर लावले. सगळ्यात जास्त मात्रेच्या फ्लास्कमधल्या पेशी जवळजवळ सगळ्या जिवंत आल्या. मॅडमचा चेहरा उतरला. औषध कुचकामी निघालं म्हणून त्या खुर्चीत बसून राहिल्या. मग पडद्याकडे बघत म्हणाल्या, "जिवंत आहेत ते खरं. पण आहेत किती थोड्या! यंत्राला दहा हजार पेशी मोजून भरायला इतका वेळ कधी लागला होता? बाकीच्या कुठे गेल्या?"

बाकीच्या मी ओतून दिल्या होत्या.

मरायला लागलेली पेशी आधी तळापासून सुटते आणि वरच्या पाण्यात तरंगते. म्हणून ते पाणी टाकायचं नसतं, गोळा करायचं असतं, आणि तळाच्या पेशी सोडवल्या की त्यांच्यात मिसळून मगच मोजायचं असतं. हे मी प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगते. दरडावून सांगते. आणि काल मीच सगळ्या फ्लास्कांचं वरचं पाणी मोरीत ओतलं आणि खाली चिकटून राहिलेल्या तेवढ्या मोजल्या. चिकटून राहिलेल्या जिवंतच असणार. त्यात औषधाचा काय संबंध?

मॅडम चांगल्या आहेत. म्हणाल्या, "तू? तुझ्याकडून?" आणि हसल्या. "लक्ष कुठे होतं?"

लक्ष जिन्यात होतं. रखवालदार नावं पुकारत होता. झालं समाधान?

रात्री जेवताना अण्णांनी नेहमीचं विचारलं. मी म्हटलं, "आज कुणी मेलं नाही, कारण मी मेलेले मोजलेच नाहीत," आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, ते चिडवतील. त्यांनी घास ताटात परत ठेवला.

"सुटून वर आलेल्या तू मोजल्याच नाहीस?"

"नाही."

"सरळ ओतून दिल्यास?"

"हो अण्णा. चूक झाली म्हटलं ना."

"त्यात जिवंतही असतील."

"असतात काही. नुसत्या हिरव्या."

मग म्हणाले, "अशी एखादी परत तळाला चिकटते का गं?"

मी म्हटलं, औषध धुऊन काढलं आणि ताजं अन्न दिलं तर काही चिकटतात, असं लोकांनी पाहिलंय. मी कधी करून बघितलं नाही, आमच्या कामात त्याची गरज पडत नाही.

"मग करून बघ," म्हणाले, आणि हात धुवायला उठले. ताटात निम्मं जेवण तसंच होतं.

ताई, ते पेशींबद्दलच बोलत होते का मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही. तू मोठी होतीस, तू विचारलं असतंस. मला आधार कोणाचा?

धाकटी


२० ऑक्टोबर

ताई,

प्रयोग पुन्हा केला, या वेळी सगळं पाणी गोळा करून. औषध चांगलंच काम करतंय. मॅडमनी सगळ्यांना चहा पाजला. मी मात्र तरंगत्यांच्या अर्ध्या भागाला रंग लावलाच नाही. धुतल्या, ताज्या अन्नात सोडल्या, लहान फ्लास्कमध्ये भरून उबदार कपाटात एका कोपऱ्यात ठेवल्या. वर चिठ्ठी लावली, "हात लावू नये, खाजगी." प्रयोगशाळेत असं कोणी लिहीत नाही, त्यामुळे सगळ्यांनी वाकून बघितलं.

पहिल्या दिवशी काही नाही. नुसता कचरा तरंगत होता. दुसऱ्या दिवशीही तेच. घरी अण्णा आता "किती मेले" विचारत नाहीत, "चिकटली का एखादी?" विचारतात. काल सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर एका बाजूला पाच-सहा बसलेल्या दिसल्या. आजूबाजूला मेलेल्यांचा खच, आणि या मधोमध पाय पसरून, घरच्यासारख्या. बहुतेक परतल्या नाहीत, हेही खरं आहे. मी अण्णांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. ते म्हणाले, "बहुतेकींचं मी विचारलं नव्हतं."

आता खरं सांगते. पहिल्या पत्रात लिहिलं की मला काही नको, ते खोटं आहे. ऑपरेशन चार दिवसांवर आलंय. तू यावंस असं मला वाटतं. डोळा गेलाच तर त्याआधी त्यांनी तुला बघावं. निदान त्या नर्सला "दोन" म्हणावं. मला बाकी कशाचा राग नाही, त्या "एक"चा आहे. त्यांनी "एक" म्हटलं की मी एकटीच उरते, ते त्यांना कळत नाही. आई गेल्यावर माझी वेणी तू घालायचीस. तू गेल्यावर मला घालता येईना आणि अण्णांना सांगता येईना, म्हणून मी कात्रीने केस कापले. सगळे म्हणाले, पोरीला फॅशन सुचली. अजूनही बारीकच आहेत.

आणि दुसऱ्या शहरातली माणसं चांगली होती. अण्णांना एकटं टाकून जाववलं नाही. घरात सुटून जाणारं एकच माणूस परवडतं, तो नंबर तू आधीच लावला होतास. हे रागाने लिहिलंय. खोडत नाही.

दुकानाची किल्ली मी आज त्यांच्या उशाशी बघितली. हा माणूस आंधळा झाला तर त्या यंत्राचं काय करायचं, हे आमच्यात कोणी बोलत नाही. घरात इतकी शांतता आहे की शेजारच्यांचा नळ ऐकू येतो. ये ना गं.

धाकटी


२ नोव्हेंबर

ताई,

तू आली नाहीस. ऑपरेशन नीट झालं. पट्टी काढली तेव्हा अण्णा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "तू कधी इतकी म्हातारी झालीस?" डॉक्टरीणबाई हसल्या. मी बाहेर जाऊन रडले. सगळी गोळाबेरीज एवढीच.

यापुढे मी लिहिणार नाही. पत्रं पाठवून तुला छळायचा मला काय हक्क? तुझं घर असेल, माणसं असतील. भावोजींना नमस्कार सांग किंवा सांगू नकोस.


३ डिसेंबर

ताई,

लिहिणार नाही म्हटलं होतं. पण सोबतची डबी आली कुठून ते न सांगता कशी पाठवू?

डॉक्टरीणबाईंनी महिनाभर धुळीत जायचं नाही, वाकायचं नाही, यंत्राला हात लावायचा नाही असं सांगितलं होतं. महिना झाला त्या दिवशी संध्याकाळी मी घरी आले तर पुढच्या खोलीत दिवा होता आणि घासायच्या यंत्राचा आवाज येत होता. इतक्या वर्षांनी तो आवाज ऐकला आणि एक क्षण मला वाटलं, भावोजी काच घासताहेत आणि तू आत आहेस. दारातच थांबले. अण्णा नवा चष्मा नाकावर घेऊन काच उजेडाकडे धरून बघत होते. शेजारी सोनेरी काड्यांची बायकी फ्रेम.

"गिऱ्हाईक आलं की काय?" मी विचारलं.

"उत्तर आलं का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "कसलं उत्तर?"

"आता मला डोळा आहे, उगाच नाटक करू नकोस. चार-पाच पत्रं गेली, एकाचं तरी आलं?"

मावशी. दुसरं कोण! माझ्याकडून नाव न सांगायचं वचन घेतलं आणि स्वतः त्याच आठवड्यात अण्णांना सांगून मोकळी झाली. म्हणजे मी सप्टेंबरपासून चोरून लिहीत होते आणि ते सप्टेंबरपासून न विचारता वाट बघत होते. एकाच ताटलीतली भाजी वाढून घेत होतो आम्ही.

"नाही आलं," मी म्हटलं.

"येणार कसं?" काच पुसत ते म्हणाले. "तिला चाळिशी लागली असेल. शेहेचाळीस पूर्ण झाली. तुझं अक्षर मुंगीएवढं. तिला वाचता येत नसेल."

"अण्णा, तिच्या घरात चष्म्याचं दुकान आहे."

"असेल. त्याचा हात चांगला आहे, मीच शिकवलंय. पण दोन नंबरांची काच, वर लांबचा आणि रेघेखाली वाचायचा, त्याला कधी जमली नाही. रेघ नेहमी खाली घेतो. मग वाचायला मान वर करून बसावं लागतं. माणूस मान वर करून किती वेळ वाचणार? दोन ओळी वाचेल आणि ठेवून देईल."

इतक्या वर्षांत त्यांनी भावोजींचं पहिल्यांदा नाव काढलं आणि तेही खोड काढायला. मी हसले. मग ते माझ्याकडे बघून, अगदी कामाचं बोलावं तसं म्हणाले, "वाचायचा नंबर वयावरून धरलाय. लांबचा अंदाजाने थोडा वाढवलाय, तुमच्या आईचा वाढला होता तसा. मधलं माप मात्र पक्कं आहे. तिचा कॉलेजातला चष्मा मी केला होता. नंबर बदलतो, पण मोठ्या माणसाच्या दोन डोळ्यांमधलं अंतर बदलत नाही."

ते अंतर त्यांनी कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, ताई. मी विचारलं. डोक्यात होतं म्हणाले.

मी डबी आणली, पुसायचं फडकं घडी करून आत ठेवलं. त्या दिवशी प्रयोगशाळेत मॅडमनी त्या कोपऱ्यातल्या फ्लास्कबद्दल विचारलं होतं. परत चिकटलेल्या पेशींनी तो भरून गेलाय, आता दोन फ्लास्कांत वाटावा लागेल. तेही मी अण्णांना सांगितलं. ते "बरं" म्हणाले.

मग मी धीर करून विचारलं, "अण्णा, समजा पुढच्या तपासणीला त्या नर्सने परत विचारलं, मुलं किती?"

त्यांनी यंत्रावर कापड टाकलं, कोपरे नीट खाली ओढले, आणि म्हणाले, "मागच्या वेळी मोजणी चुकली होती."

डबी पाठव म्हणाले, म्हणून पाठवते आहे. त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहिते, अक्षरही मुद्दाम मोठं काढते आहे: "रेघ बरोबर जागी घेतली आहे. आठवडाभर घालून बघ. डोकं दुखलं, अक्षर फुटलं, पायरी चुकली, तर काच परत पाठवू नकोस. अंदाजाचा नंबर अंदाजाचाच असतो. समोर बसवल्याशिवाय खरा नंबर निघत नाही. त्यालाही घेऊन ये, रेघ कुठे घ्यायची ते दाखवतो."